कधीही न थांबणारी बेरीज

पोलादपूरजवळ एखाद्या बांधकामावर खडीचा डंपर येतो. मुकादम टेप टाकतो. लांबी बारा फूट, रुंदी सात, भरलेली उंची अडीच. त्याचा मोबाईल आत खोलीत चार्जिंगला लावलेला असतो. तो डावं मनगट वळवतो आणि उजव्या हाताच्या नखाने बारीक कळा दाबतो: १२ × ७ × २.५ ÷ १००. पडद्यावर २.१ उमटतं. दोन ब्रास आणि वर दहा घनफूट. ड्रायव्हर अडीच ब्रास सांगत असेल, तर वाद तिथेच मिटतो.

असं कॅल्क्युलेटरवालं घड्याळ पाहिलं की वाटतं, दोन वेगळी यंत्रं एका डबीत कोंबली आहेत. कोकणात ऐंशीच्या दशकात आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या मनगटावर ते दिसायचं, तेव्हा पोरांना वाटायचं तसंच. प्रत्यक्षात आत दोन यंत्रं नसतात. वेळ दाखवणं आणि हिशेब करणं ही दोन्ही कामं मुळात एकच आहेत.

घड्याळ दर सेकंदाला एक मिळवतं. ५९ मध्ये एक मिळवला की तिथे शून्य येतं आणि हातचा एक मिनिटांच्या घरात जातो. मिनिटं साठ झाली की हातचा तासांकडे, तास चोवीस झाले की तारखेकडे, आणि तारीख संपली की महिन्याकडे. शाळेत आपण दहाला हातचा घेतो, घड्याळ साठला आणि चोवीसला घेतं. बाकी रीत तीच. जपानच्या कॅसिओ कंपनीचे तोशिओ काशिओ यांनी वेळेकडे असंच पाहिलं: वेळ म्हणजे एकेक सेकंद मिळवत राहण्याची बेरीज, आणि बेरीज तर आपल्याला येते. कॅल्क्युलेटर बनवणारी ही कंपनी १९७४ साली ‘कॅसिओट्रॉन’ घेऊन घड्याळांच्या धंद्यात उतरली, ती या विचारातून. तीस दिवसांचे महिने कुठले आणि एकतीसचे कुठले, हे त्या घड्याळाला आपलं आपण कळत होतं.

याच कंपनीचा १९५७ सालचा पहिला कॅल्क्युलेटर, १४-ए, १४० किलोचा होता. आकार लिहिण्याच्या टेबलाएवढा, आणि आत ३४२ रिले खटाखट उघडमीट करत बेरजा-वजाबाक्या करायचे. आज त्यांचं सीए-५३डब्ल्यू हे साधं कॅल्क्युलेटर घड्याळ पट्ट्यासकट २४ ग्रॅम भरतं. १४-एच्या वजनात अशी पाच हजार आठशे घड्याळं बसतील, आणि त्यातलं प्रत्येक गुणाकार-भागाकार करून शिवाय वेळही सांगेल.

पण बेरीज करायची तर एक सेकंद झाला हे कळायला हवं. त्यासाठी आत क्वार्ट्‌झचा एक स्फटिक असतो, भाताच्या दाण्याएवढ्या नळकांडीत बसवलेला. त्याला दोन बारीक पाय कोरलेले असतात. विजेचा स्पर्श झाला की ते पाय थरथरतात, सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा. हाच आकडा का? त्याला निम्मं करत जा. १६,३८४, ८,१९२, ४,०९६... पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक उरतो. अर्धं करणं हे इलेक्ट्रॉनिक सर्किटचं सगळ्यात सोपं काम, म्हणून एकापुढे एक पंधरा पायऱ्या लावल्या की शेवटच्या पायरीवरून सेकंदाला एक ठोका बाहेर पडतो.

हा स्फटिक पंचवीस अंश सेल्सियसच्या आसपास सगळ्यात खूश असतो. त्याहून तापला तरी मंदावतो आणि गारठला तरी मंदावतो. महाडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो. अशा उन्हात घड्याळ गाडीच्या डॅशबोर्डवर पडून राहिलं तर दिवसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त मागे पडू शकतं. तेच मनगटावर असलं तर अंगाच्या आणि हवेच्या मधल्या, बऱ्यापैकी स्थिर तापमानात राहतं. कंपनी महिन्याला तीस सेकंद इकडेतिकडे होईल असं सांगते. म्हणजे दिवसाला एक सेकंद. रोज वापरलेलं घड्याळ वेळ नीट राखतं, त्यामागे मनगटावरचं हे स्थिर तापमानही एक कारण आहे.

आता विजेचा हिशेब. सीए-५३डब्ल्यूमध्ये सीआर२०१६ नावाचा, दहा रुपयांच्या नाण्याहून लहान असा लिथियमचा सेल बसतो आणि तो सुमारे पाच वर्षं चालतो. त्या सेलमध्ये साठवलेली वीज पाच वर्षांच्या तासांवर वाटली, तर घड्याळाच्या वाट्याला साधारण सहा मायक्रोवॅट येतात. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाखांच्या वर होती. त्या प्रत्येकाच्या हातावर असं घड्याळ बांधलं, तर सगळ्या जिल्ह्याची घड्याळं मिळून सोळा वॅट वीज खातील. घरातले एलईडीचे दोन बल्ब तेवढी खातात.

हे नेहमी असं नव्हतं. पहिलं कॅल्क्युलेटर घड्याळ १९७५ च्या अखेरीस अमेरिकेत ‘पल्सर’ने काढलं. सोन्याचं, किंमत ३,९५० डॉलर. त्याचे आकडे लाल एलईडीचे होते आणि ते इतकी वीज खायचे की पडदा एरवी काळा ठेवावा लागे. वेळ बघायची तर बटण दाबायचं. कळा इतक्या बारीक की बोट उपयोगाचं नाही. १९७७ साली ह्युलेट-पॅकार्डने एचपी-०१ काढलं, त्यात २८ कळा होत्या आणि त्या दाबायला पट्ट्याच्या कडीतच एक छोटी काडी लपवलेली होती. बोटाने दाबता येतील अशा कळांचं सी-८० कॅसिओने १९८० साली आणलं, आणि श्रीमंतांचं खेळणं दुकानदाराच्या मनगटापर्यंत पोचलं.

पडदा सतत चालू ठेवणं परवडू लागलं ते द्रव-स्फटिकामुळे, आणि त्याची गोष्ट गाजरापासून सुरू होते. १८८८ साली प्रागमधले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनिट्झर गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवत होते. तो १४५ अंशांवर वितळून गढूळ झाला आणि १७८ अंशांवर पुन्हा वितळल्यासारखा स्वच्छ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! मधल्या अवस्थेत तो वाहत होता द्रवासारखा, पण त्याचे रेणू रांगेत उभे होते स्फटिकासारखे. ऐंशीहून अधिक वर्षांनी, १९७० मध्ये, बाझेलच्या मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी अशा रेणूंच्या रांगेला पीळ देऊन प्रकाश वळवायची युक्ती काढली. वीज दिली की पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि काळी रेघ दिसते. अशा सात रेघांत कुठलाही आकडा बसतो. हा पडदा स्वतः उजेड देत नाही, फक्त बाहेरचा उजेड अडवतो किंवा सोडतो, म्हणूनच त्याला वीज लागत नाही म्हटलं तरी चालेल. पोलरॉइड गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात अख्खा पडदा काळा पडलेला दिसेल.

एवढं कळलं की घड्याळ निवडणं सोपं जातं, कारण त्याची प्रत्येक मर्यादा त्याच्या बांधणीतून आलेली आहे.

महाड-पोलादपुरात पहिला प्रश्न पाण्याचा. साध्या घड्याळाच्या बाजूला दोन-तीन बटणं असतात. कॅल्क्युलेटरवाल्याच्या तोंडावरच सोळा कळा, म्हणजे पाणी शिरायला तेवढ्याच जास्त वाटा. म्हणून सीए-५३डब्ल्यूवर पन्नास किंवा शंभर मीटरचा आकडा नसतो, नुसतं पाणीरोधक असल्याचं म्हटलेलं असतं. त्याचा अर्थ घाम चालेल, हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील. पोहणं नको, आणि भर पावसात कळा दाबणं तर नकोच, कारण दाबलेली कळ पाण्याला आत ढकलते. आवणाच्या दिवसांत दिवसभर चिखलपाण्यात असणाऱ्याने शंभर मीटरवालं साधं डिजिटल घड्याळ घ्यावं आणि हिशेब घरी करावा.

पाण्याची दुसरी वाट हवेतून आहे. जुलैमध्ये पोलादपूरच्या दुकानात सेल बदलला, तर मागचं झाकण बसताना दमट हवाही आत बंद होते. ते घालून तुम्ही आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात की जवळजवळ साडेतेराशे मीटर वर जाता. उंचीबरोबर हवा गार होत जाते, काच थंडावते आणि आतल्या दमट हवेचं दव काचेच्या आतल्या बाजूला धरतं. घड्याळ गळत नसतं, बाष्प आतच असतं. उपाय साधा आहे: सेल संपत आल्यासारखा वाटला, आकडे फिकट दिसू लागले, तर जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत बदलून घ्या आणि रबरी रिंग जागेवर बसली आहे ना ते समोर उभं राहून बघा.

दुसरा प्रश्न उजेडाचा. सीए-५३डब्ल्यूला दिवा नाही. रात्रीच्या एसटीत किंवा लाईट गेल्यावर त्याचा पडदा असून नसल्यासारखा. रात्रपाळी असेल तर दिव्याचं बटण असलेलंच मॉडेल बघा, आणि दुकानात काउंटरखाली अंधारात हात घालून ते दाबून बघा.

तिसरा प्रश्न बोटांचा. काचेतलं घड्याळ मागून घ्या आणि कुठलीही बेरीज तीनदा करा. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं तर तुमचं बोट आणि त्या कळा जुळतात. नाहीतर नखाची सवय करावी लागेल. चुकीची कळ दाबली गेली हे यंत्र सांगत नाही, म्हणून आधी मनात अंदाज बांधायचा. ज्यांना अडीचकी, दिडकी पाठ आहे त्यांच्या हातात हे घड्याळ सगळ्यात भरवशाचं.

आणि त्याचं डोकं कसं चालतं तेही ओळखून घ्या. तीन किलो तांदूळ ४६ रुपयांनी आणि दोन किलो डाळ १२० रुपयांनी. तुम्ही सरळ ३ × ४६ + २ × १२० दाबलंत तर उत्तर येईल १६,८००. खरा हिशेब ३७८ चा. ते दाबल्या क्रमाने हिशेब करतं: १३८, मग १४०, मग त्याला १२० ने गुणतं. गुणाकार आधी ही शाळेतली शिस्त त्याला नाही. म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा गुणायचा आणि बेरीज शेवटी. टक्क्यांची कळही नाही, पण तिच्यावाचून अडत नाही. अठरा टक्के जीएसटी लावायचा तर १.१८ ने गुणा: ४५० चे ५३१ होतात. पंधरा टक्के सूट हवी तर ०.८५ ने गुणा. पडदा आठ आकड्यांचा आहे, म्हणजे नऊ कोटी नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत मजल. किराण्याला, ब्रासला, गुंठ्याच्या १,०८९ चौरस फुटांना ते पुरून उरतं. १० ला ३ ने भागून पुन्हा ३ ने गुणलं तर मात्र ९.९९९९९९९ दिसेल, कारण आठ घरांपलीकडचं लक्षात ठेवायला जागाच नाही.

मोबाईल असताना हे कशाला, असं कोणी विचारेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि अशा अनेक कारखान्यांत मोबाईल गेटवर ठेवावा लागतो. तिथे घड्याळ चालतं का, ते मात्र सुरक्षा विभागाला विचारूनच घाला. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचा पूर महाड शहरात शिरला, वीज गेली, फोन मुके झाले. तशा पाण्यात बुडालं तर हे घड्याळही जाईल. पण कोरडं राहिलं तर चार्जिंगवाचून ते वर्षानुवर्षं चालत राहतं. परीक्षेला मात्र ते घरीच ठेवा. बोर्डाच्या पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही आणि नीटला तर कुठलंच घड्याळ नाही.

थोडक्यात, दुकान, बांधकाम, शाळेतली नोकरी, कोरड्या जागचं काम असेल तर सीए-५३डब्ल्यू पुरेसं आहे. फोन नंबरही साठवायचे असतील तर पंचवीस नोंदी ठेवणारं डीबीसी-६११ आहे. रात्रीचं काम असेल तर दिवा आधी बघा. पाण्यातलं काम असेल तर कॅल्क्युलेटरचा मोह सोडा.

आणि सीए-५३डब्ल्यू घेतलंत तर एक लक्षात ठेवा. त्याला महिना कळतो, तारीख कळते, वार कळतो, पण वर्ष कळत नाही. म्हणून त्याचा फेब्रुवारी कायम अठ्ठावीस दिवसांचा. २९ फेब्रुवारी २०२८ ला ते बिनदिक्कत १ मार्च दाखवेल. त्या दिवशी सकाळी बटण दाबून तारीख एकाने मागे आणायची. चार वर्षांत त्याच्या तारखेच्या बेरजेत तुम्हाला करावी लागणारी दुरुस्ती जवळजवळ तेवढीच.