संगणक कितव्या पिढीचा घ्यावा?

मका निघाला, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की फुलंब्रीकडच्या शेतकरी घरांत खर्चाच्या गोष्टी निघू लागतात. पूर्वी त्या बैलजोडीच्या आणि विहिरीवरच्या इंजिनाच्या असत. हल्ली त्यांत मुलाच्या संगणकाची भर पडली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात पाऊल ठेवताच प्रश्न येतो, “कितव्या पिढीचा दाखवू?” बाप मुलाकडे पाहतो आणि मुलगा जाहिरातीकडे! हंगामाचा पैसा मोजून देण्यापूर्वी या ‘पिढी’ची कुळकथा माहीत असलेली बरी.

संगणकाचा मेंदू म्हणजे नखाएवढी सिलिकॉनची चिप. इंटेल कंपनीने १९७१ साली विक्रीस आणलेली ४००४ ही या घराण्याची मूळ पुरुष. तिच्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि ती जन्मली बिझिकॉम या जपानी कंपनीला आकडेमोडीच्या यंत्रासाठी हवी होती म्हणून. आधी गिऱ्हाइकाने गरज सांगितली, मग चिप झाली. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असे भाकीत केले आणि १९७५ साली ती मुदत दोन वर्षांवर नेली. कारखानदारांनी ते भाकीत वेळापत्रकासारखे पाळले. त्यातून क्रमच उलटला. आता चिप आधी येते आणि तिच्याजोगी गरज मागाहून शोधली जाते.

बरे, पिढीचा आकडा तरी खरे बोलतो का? कधी बोलतो. २०१७ साली आलेल्या इंटेलच्या आठव्या पिढीत टेबलावरच्या संगणकांच्या साध्या ‘आय-थ्री’लाही चार कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे चार गडी मिळाले. तोपर्यंत तेवढे गडी महागड्या ‘आय-फाइव्ह’कडे असत. उलट २०१९ साली दहाव्या पिढीच्या एकाच नावाखाली लॅपटॉपसाठी दोन निरनिराळ्या घडणीच्या चिपा विकल्या गेल्या. आणि २०२३ची चौदावी पिढी ही बरीचशी तेराव्या पिढीचीच थोडी डागडुजी केलेली आवृत्ती होती. पिढी कधी खरी असते, कधी नुसते बारसे असते!

म्हणून आधी काम पाहावे. सातबारा नि दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रात रांग खोळंबते ती बहुधा सरकारी सर्व्हर, नेटवर्क किंवा वीज यांच्यापायी. तेथे नवी चिपही हात जोडून बसणार. आडत दुकानातला हिशेब जुन्या यंत्रावर सुखाने चालतो. ते कुरकुरत असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी आणि रॅम वाढवावी. थोड्या खर्चात यंत्राला नवे वारे मिळते. मात्र लग्नसराईत रात्र रात्र चलच्चित्रे जुळवणाऱ्या फोटोग्राफरला नवी चिप तासन् तास वाचवून देते. त्याची गरज खरी आहे.

यात एक मेख आहे. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली काढलेली विंडोज ११ ही प्रणाली सुरक्षिततेचे कारण देऊन इंटेलची साधारणपणे आठवी किंवा पुढची पिढी मागते, आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे धडधाकट सातवी पिढीही एका फतव्याने म्हातारी ठरली. जुना लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्याने आठवीच्या अलीकडचा घेऊ नये. चौदावीच हवी, हा हट्टही धरू नये.

मग नव्या, बलाढ्य चिपांची गरज फुलंब्रीला नाहीच का? आहे, आणि ती सर्वांत जास्त आहे ती संगणक न घेणाऱ्या शेतकऱ्याला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. त्याच्या बळावर २०२५ साली देशाचे हवामान मोजण्याची जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. वेचणीच्या आठवड्यात पाऊस कोणत्या शिवारात पडेल, हे जितके नेमके कळेल तितका कापूस भिजण्यावाचून वाचेल. या यंत्राची पिढी कोणती, हे त्या शेतकऱ्याला ठाऊक नसेल. पण त्याची गरज ओळखून ते उभे राहिले, एवढे खरे.