तिरपी गोधडी आणि सरळ धागा

ऊन तापू लागले म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यातील गोधड्या धुऊन वाळत पडतात. रात्री अंगावर असलेली गोधडी आपण पाहत नाही. ती खरी दिसते ती ह्या दिवसांत, दोरीवर. काही वर्षांपूर्वी अशाच एका धुण्यानंतर घरच्या एका गोधडीने आम्हांस चांगला धडा शिकविला. आजीची दोन लुगडी, एक धोतर आणि हिमरूचा एक जुना तुकडा कापून ती आम्ही हौसेने केली होती. चौरस तुकडे सरळ न मांडता शंकरपाळ्यांप्रमाणे कोनावर उभे केले होते. गोधडी देखणी झाली. परंतु पहिल्याच धुण्यात तिच्या चारही कडा वाळत्या पापडासारख्या वाकल्या. मधला भाग सपाट आणि काठ मात्र लाटांचा! लुगडे एकदा कापले की त्याचे पुन्हा लुगडे होत नाही. म्हणून चूक कोठे झाली हे शोधणे भाग पडले.

कापडात दोन दिशांचे धागे असतात: लांबीचा ताणा आणि रुंदीचा बाणा. ह्या दोहोंपैकी कोणत्याही दिशेने सुती कापड ओढले तर ते फारसे लांबत नाही, कारण प्रत्यक्ष धागाच ताण सहन करतो. तेच कापड कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे ओढून पाहा. ते सहज लांबते. येथे धागे लांबत नसून त्यांच्यामधील बारीक चौकोन चेपले जातात. शिंपी ह्या तिरप्या दिशेस उरेब म्हणतात आणि गळ्याच्या पट्टीसाठी मुद्दाम उरेब कापड घेतात, कारण ते वळणावर नीट बसते. गळ्याला जो गुण उपकारक, तोच गोधडीच्या काठाला घातक होतो.

चौरस कोनावर उभा केला की त्याचे धागे तिरपे होतात. आतील चौरसांस शेजारचे चौरस धरून ठेवतात, त्यामुळे तेथे बिघडत नाही. कडेला मात्र पोकळी भरण्यास त्रिकोण लागतात. आम्ही उरलेले चौरस कर्णावर दुभागून ते त्रिकोण काढले. त्यामुळे प्रत्येक त्रिकोणाची लांब, उरेब बाजू नेमकी गोधडीच्या बाहेरच्या काठावर आली. ओल्या गोधडीचे सारे वजन तिच्यावर पडले आणि ती लांबली. चूक एवढीच होती.

ती टाळण्यास थोडे गणित पुरते. शिवून तयार झालेला चौरस ६ इंचांचा धरू. सर्व बाजूंनी पाव इंच माया सोडायची, म्हणून तो साडेसहा इंचांचा कापावा. ६ इंचांच्या चौरसाचा कर्ण सुमारे साडेआठ इंच होतो. कोनावर उभे केलेले असे ७ चौरस रुंदीत आणि १० लांबीत बसविले, तर सुमारे ६० इंच रुंद आणि ८५ इंच लांब, म्हणजे एका माणसास ऐसपैस गोधडी होते. ह्या ७० चौरसांच्या मधल्या खाचांत आणखी ५४ बसतात, एकूण १२४. कडेस ३० त्रिकोण आणि कोपऱ्यांस ४ लहान त्रिकोण लागतात.

कडेच्या त्रिकोणांसाठी पावणेदहा इंचांचे मोठे चौरस घ्यावेत आणि प्रत्येकाचे दोन्ही कर्णांवर कापून चार भाग करावेत. मग त्रिकोणाची लांब बाजू सरळ धाग्यावर येते. असे ८ चौरस पुरतात, दोन त्रिकोण उरतात. कोपऱ्यांसाठी मात्र सव्वापाच इंचांचे दोन चौरस घेऊन ते एकाच कर्णावर दुभागावेत. तेथे त्रिकोणाच्या आखूड बाजू बाहेर येतात आणि त्या सरळ धाग्याच्याच असतात.

जोडणीही तिरप्या ओळींनीच करावयाची. एका कोपऱ्यापासून आरंभ केला की पहिल्या ओळीत १ चौरस, दुसरीत ३, तिसरीत ५, असे वाढत १३ पर्यंत जातात. १३ चौरसांच्या चार ओळी झाल्या की पुन्हा दोन-दोनने उतरत १ वर येतात. एकूण १६ ओळी होतात. शिवण्यापूर्वी सर्व तुकडे जमिनीवर मांडावेत, दारात उभे राहून डोळे किलकिले करून पाहावे. गडद रंगांचा एके ठिकाणी गठ्ठा झाला असेल तर तो लगेच जाणवतो. मग प्रत्येक ओळीस क्रमांकाची चिठ्ठी टाचावी.

रंगाइतकाच कापडाचा स्वभाव पाहावा लागतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे हिमरू आणि मशरूचे गाव. जुन्या पेटीत त्यांचे तुकडे निघतातच. हिमरूत सूत व रेशीम एकत्र असते आणि नक्षीचे जादा धागे मागील बाजूस मोकळे राहतात. म्हणून कापताच त्याची कड उसवते. त्यास आधी जुन्या मलमलीचे अस्तर लावून मगच कापावे. मशरूचा दर्शनी भाग रेशमी आणि अंगाकडचा सुती असतो; उलट बाजू चुकून वर आली तर चमक जाते. शंभरदा धुतलेले लुगडे आटून चुकलेले असते, पण नवी खादी किंवा खणाचा नवा तुकडा आटायचा राहिलेला असतो. तो तसाच जोडला तर पहिल्या धुण्यात शेजाऱ्यास ओढतो. नवे कापड आधी रात्रभर भिजवावे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून त्याचा रंग पारखावा.

जुने लुगडेही सर्वत्र सारखे नसते. बसण्याचा भाग आधी विरतो. काठाजवळचे कापड अधिक टिकते. उजेडासमोर धरले म्हणजे विरलेला भाग लगेच कळतो. तो वरच्या थरात न घालता आतल्या थरास द्यावा. तोंडाकडची बाजू सर्वांत जास्त मळते आणि ओढली जाते, तेथे धोतराचे किंवा दणकट सुती तुकडे असावेत. हिमरू मध्यभागी शोभतो आणि टिकतोही.

आता जुन्या बायकांच्या रीतीकडे वळू. त्या तुकडे नुसते एकमेकांस जोडून थांबत नसत. खाली अखंड लुगडे पसरून, त्यावर तुकडे मांडून, सर्व थरांतून धावदोरा घालीत. नऊ वारांचे लुगडे म्हणजे ३२४ इंच. त्यातून ९० इंचांच्या तीन लांबी निघतात, आणि दोन शेजारी जोडल्या की तळ तयार होतो. वरचे तुकडे कितीही तिरपे असोत, ताण तळाचा सरळ धागा घेतो. धावदोराही काठाला समांतर चालतो, म्हणजे तिरप्या तुकड्यांना तो ठायी ठायी बांधून टाकतो. कर्नाटकातील हल्याळ भागातील सिद्दी स्त्रिया आपली कवंदी अशीच, जुन्या साडीच्या तळावर, कडेकडून आत शिवत नेतात. ह्या रीतीत उरेबाचे नाव कोणी घेत नाही. पण त्याचा बंदोबस्त मात्र झालेला असतो.

आम्ही वरचा थर नुसता जोडून विकतच्या चादरीवर चार ठिकाणी टाचला होता. पुढे कडा उसवून ३० त्रिकोण सरळ धाग्यावर नव्याने कापले, तळाला आजीचे उरलेले तिसरे लुगडे अखंड घातले आणि धावदोऱ्याने सर्व थर एक केले. तेव्हापासून गोधडी अनेकदा धुतली गेली. काठ सरळ आहेत. ज्यांच्या पेटीत असे एकच लुगडे उरले असेल त्यांनी कात्री हातात घेण्यापूर्वी ते उजेडासमोर धरावे, दोन्ही दिशांनी आणि मग तिरपे ओढून पाहावे. तळाला अखंड काय जाणार, हे आधी ठरवावे. काय कापायचे, ते नंतर.