जिलेबीच्या पोटातली चरबी

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या मासळीबाजारात दोन मासे हमखास दिसतात: कोडुवा, म्हणजे आपला जिताडा, आणि जिलेबी, म्हणजे तिलापिया. मासे साफ करणाऱ्या अक्कांसमोर मी मुद्दाम उभा राहतो. पायाखाली विळी, सपासप उडणारे खवले, मग पोटावर एक चीर. हिरवं पित्त फुटू न देता त्या आतडी बाहेर ओढतात. तिलापियाचं आतडं लांबलचक, वेटोळ्यांचं. यकृत त्यातच गुंतलेलं. गोळीखाद्यावर पोसलेला मासा असला की वेटोळ्यांमध्ये पांढरी चरबी चिकटलेली दिसते आणि यकृत फिकट, बोटाला तुपकट लागतं.

ही चरबी खाद्यातून येते. प्रथिनं महाग, म्हणून माशाची ऊर्जेची गरज तेलावर भागवायची आणि प्रथिनं अंग भरायला राखायची, असा मत्स्यखाद्याचा हिशेब. तो खराच आहे, पण एका मर्यादेपर्यंत. जाळून उरलेली चरबी यकृतात आणि आतड्याभोवती साचते.

मग चरबी उतरवणारं औषध दिलं तर? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नाइल तिलापियाच्या एका गटाला १३ टक्के चरबीचं, दुसऱ्याला १ टक्का चरबीचं खाद्य १० आठवडे दिलं. पुढचे ४ आठवडे त्यात फेनोफायब्रेट मिसळलं. माणसांचे ट्रायग्लिसराइड वाढले की डॉक्टर देतात तेच हे औषध. पेशीतल्या पीपीएआर-अल्फा नावाच्या प्रथिनाला ते जागं करतं आणि ते प्रथिन चरबी जाळणारी जनुकं चालू करतं. यकृताची चरबी जाळण्याची क्षमता दोन्ही गटांत वाढली, पण रक्तातले आणि यकृतातले ट्रायग्लिसराइड उतरले ते फक्त जास्त चरबी खाल्लेल्या माशांत.

मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद. सस्तन प्राण्यांत चरबीचा आहारच या प्रथिनाला जागं करतो. या तिलापियात १३ टक्के चरबीनेही ते हललं नाही. म्हणजे जादा चरबी आली तरी ती जाळण्याचं हे यंत्र आपणहून सुरू होत नाही. हात आखडायचा तो खाद्य देणाऱ्यानेच. औषध खाद्यात मिसळणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तो मासा शेवटी कुणाच्या तरी ताटात जातो.

आता बाजारातला दुसरा मासा, जिताडा. याच चेन्नईतल्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेने १९९७ साली त्याची कृत्रिम पैदास साधली. जिताडा मांसाहारी, त्याला तिलापियाहून अधिक चरबी चालते. तरीही पेण-अलिबागच्या खारेपाटात तो गोळीखाद्यावर पोसणाऱ्यांना एक विनंती आहे. पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा वाचून थांबू नका, शेजारचा चरबीचाही वाचा, आणि मधूनमधून एखादा मासा चिरून यकृताचा रंग बघा.