घरांतली आग आणि छतांतलें पाणी

आगीचा बंब कितीही त्वरेनें धांवला तरी वर्दी मिळाल्यावांचून तो ठाण्याबाहेर पडत नाहीं. आणि मध्यरात्रीं निजलेल्या घरांतून वर्दी देणार कोण? त्यांत आमचें आजचें घरसामान पाहावें. फोमच्या गाद्या आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे एकदां भडकले म्हणजे सबंध खोली पेट घेण्यास चारपांच मिनिटें पुरतात. हीं मिनिटें सांभाळण्याचें काम स्प्रिंकलर करतो.

त्याची रचना साधी आहे. छतांत पाण्यानें भरलेली नळी, तिच्या तोंडाशीं बूच, आणि बुचाला आधार एका इवल्याशा कांचेच्या कुपीचा. कुपींत द्रव भरलेला असतो. तांबड्या द्रवाची कुपी ६८ अंश सेंटिग्रेडला फुटते, बूच निखळतें व तुषारांचा वर्षाव सुरू होतो. चित्रपटांत एक कुपी फुटतांच सबंध इमारतीवर पाऊस पडतो, तें निव्वळ थोतांड होय. जिला आंच लागेल तेवढीच कुपी फुटते. फोडणीच्या धुरानें ती फुटत नाहीं.

न्यू हेवन येथील पियानोचे कारखानदार हेन्री पार्मेली यांनीं १८७४ सालीं अशा योजनेचें पेटंट घेतलें. पुढें गिरण्यांतून व वखारींतून ती पसरली, ती विमा कंपन्यांच्या आग्रहामुळें. माल वांचवावा हा हेतु. घरांत निजलेलीं माणसें पुष्कळ वर्षें त्या हिशेबांत नव्हतीं.

तीं हिशेबांत धरणाऱ्या शहरांत अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना राज्याच्या वाळवंटांतलें स्कॉट्सडेल अग्रगण्य आहे. १९८५ सालीं तेथील नगरसभेनें ठरविलें कीं, यापुढें बांधावयाच्या व्यापारी इमारतींतच नव्हे, तर प्रत्येक नव्या घरांतही स्प्रिंकलर असलाच पाहिजे. खर्चाची ओरड झाली नसती तरच नवल! नगरसभेनें बांधकाम करणारांना बदल्यांत सवलती दिल्या: रस्ते थोडे अरुंद चालतील, बंबाच्या पाण्याचे खांब अधिक अंतरावर चालतील, जलवाहिन्या लहान चालतील. ही देवघेव मला त्या नियमाइतकीच शहाणपणाची वाटते.

पहिल्या पंधरा वर्षांचा हिशेब पुढें प्रसिद्ध झाला. घरांना ५९८ आगी लागल्या. त्यांपैकीं ४९ स्प्रिंकलर असलेल्या घरांत. त्या घरांत एकही माणूस दगावला नाहीं. इतर घरांत १३ दगावले. आतां ४९ हा आंकडा लहान आहे, तेव्हां केवळ मृत्यूंच्या तुलनेवर फार भर देऊं नये. परंतु पाण्याचा हिशेब बोलका आहे. ‘आगीपेक्षां पाण्यानेंच घर बुडेल’ असें म्हणणारांनीं तो ऐकावा. स्प्रिंकलरनें सरासरी ३४१ गॅलन, म्हणजे सुमारें १,३०० लिटर पाणी घेतलें. बंबाच्या नळ्यांनीं २,९३५ गॅलन, म्हणजे सुमारें ११,००० लिटर!

घर आणि दुकान यांना मात्र तेथें एकच माप नाहीं. व्यापारी इमारतींत मालमत्ताही वांचवावयाची असल्यानें बंदोबस्त जवळजवळ सर्वत्र लागतो. घरासाठीं असलेल्या अमेरिकन प्रमाणांत साधारणतः दहा मिनिटांचें पाणी पुरेसें मानतात, आणि लहान न्हाणीघर वगळलें तरी चालतें. मुलांना उचलून बाहेर पडतां यावें, एवढाच तेथें उद्देश.

कॅलिफोर्नियानें २०११ पासून सर्व राज्यांत नव्या घरांना हा नियम लागू केला. उलट, खुद्द अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळानें २००९ अखेर अस्तित्वांत असलेले नियम तेवढे राखून इतर नगरपालिकांना स्वतंत्र एककुटुंबी घरांवर अशी सक्ती करण्यास मनाई केली. ज्या राज्यांत प्रयोग यशस्वी झाला, तेथेंच त्याची वाट अडावी, हें विलक्षण खरें.

नियम असूनही एक उणीव राहते. स्प्रिंकलर असून चालले नाहींत अशा आगींचा अमेरिकन तपशील पाहिला, तर निम्म्याहून अधिक ठिकाणीं पाण्याचा पुरवठा कोणीतरी आधींच बंद करून ठेवलेला आढळतो. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमान्वये, अशी यंत्रणा बसविलेल्या इमारतींच्या मालकांनीं वा रहिवाशांनीं ती चालू स्थितींत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारींत व जुलैंत सादर करावयाचा असतो. तपासणीस माणूस येईल त्या दिवशीं सोसायटीच्या एखाद्या सभासदानें त्याच्याबरोबर टाकीपर्यंत जावें, आणि मुख्य व्हॉल्व्ह उघडा आहे ना, तें आपल्या डोळ्यांनीं पाहावें.