दुकानाचा स्टिकर आणि साधी बाटली

अमेरिकेतून सुटीवर येणाऱ्या माणसाला भारतात दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. म्हणजे साडेसातशे मिलिलिटरच्या दोन बाटल्या. केंटकीतल्या लुईव्हिलला राहणारा माझा भाचा निघायच्या आठवडाभर आधी फोन करतो आणि गेली दोन-तीन वर्षं त्याचा प्रश्न तोच असतो : "मामा, इथल्या दुकानाने एक अख्खं पिंप स्वतः निवडून घेतलंय. बाटलीवर त्यांचा स्टिकर आहे, किंमत थोडी जास्त आहे. साधी बाटली आणण्यापेक्षा तीच आणू ना?"

विषय व्हीटेड बर्बनचा असतो. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात चार-पाच गैरसमज दडलेले आहेत. साधी बाटली म्हणजे उरलासुरला माल आणि स्टिकरची बाटली म्हणजे त्यातली मलई, हा त्यातला सगळ्यात मोठा. तो निस्तरण्याआधी गव्हाबद्दल बोलायला हवं, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

व्हीटेड बर्बन म्हणजे गव्हाची दारू नव्हे. बर्बन म्हणवून घ्यायचं तर धान्यात किमान 51 टक्के मका हवा, असा अमेरिकेचा कायदा आहे. उरलेल्या भागात बहुतेक कारखाने राय नावाचं धान्य घालतात (आपली फोडणीची राई नव्हे, गव्हाच्याच कुळातलं थंड प्रदेशातलं धान्य) आणि थोडे मोड आणलेले जव. व्हीटेडमध्ये रायच्या जागी गहू येतो, एवढाच बदल. मेकर्स मार्कमध्ये 70 टक्के मका, 16 टक्के गहू आणि 14 टक्के जव असतात. लार्सनीमध्ये मका 68, गहू 20, जव 12. गव्हाचा वाटा फार तर पाचवा हिस्सा. गहूच 51 टक्क्यांवर गेला तर तिचं नावच बदलतं; ती 'व्हीट व्हिस्की' होते आणि तिचा वर्ग वेगळा.

गव्हामुळे ती गोड होते, हेही तितकंसं खरं नाही. धान्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि जी उरते ती वाफेबरोबर वर चढत नाही, भांड्यातच राहते. भट्टीतून उतरलेलं मद्य पाण्यासारखं पारदर्शक असतं. जिला आपण गोडी म्हणतो ती मुख्यतः लाकडाची देणगी आहे. बर्बन नव्याकोऱ्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते आणि तिच्यात रंग किंवा स्वाद मिसळायला बंदी आहे. जळताना लाकडातल्या शर्करा करपून कॅरमलसारख्या होतात, लाकडातूनच व्हॅनिलिन सुटतं. राय असली की तिचा मिरी-लवंगेसारखा तिखटपणा या सगळ्यावर स्वार होतो. गहू मवाळ आहे. तो वाट मोकळी करतो आणि मका-लाकडाची चव पुढे येते.

ही गोष्ट पुढच्या मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे. मद्यात धान्याचा तिखटपणा कमी म्हणजे लाकडाचा गुण-दोष उघडा पडण्याची शक्यता जास्त. म्हणून एकाच पिंपाची बाटली घेताना ते पिंप कसं होतं, याला व्हीटेडमध्ये मोठं वजन येतं.

'सिंगल बॅरल' हा दर्जाचा शिक्का आहे, असं लोक धरून चालतात. अमेरिकी नियमांत 'स्ट्रेट' या शब्दाला अर्थ आहे : किमान दोन वर्षं मुरवलेली. 'बॉटल्ड इन बाँड'ला तर 1897 पासून स्वतःचा कायदा आहे : एकाच कारखान्याची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात ठेवलेली आणि बरोबर 50 टक्के तीव्रतेची. 'सिंगल बॅरल'ची अशी व्याख्याच नियमांत नाही. प्रतिष्ठित कारखाने तो शब्द प्रामाणिकपणे वापरतात आणि बाटलीतला माल एकाच पिंपाचा असतो, पण ते पिंप चांगलं होतं याची हमी त्या शब्दात नाही. या शब्दाला आजची झळाळी आली ती 1984 मध्ये. केंटकीतल्या फ्रँकफर्टच्या ज्या कारखान्याला आज बफेलो ट्रेस म्हणतात, तिथल्या एल्मर टी. ली यांनी ब्लँटन्स बाजारात आणली. ती व्हीटेड नाही, पण 'एक पिंप, एक चव' ही कल्पना विकता येते हे तिने दाखवलं.

पिंपापिंपात फरक का पडतो, हे पाहायला केंटकीतल्या गोदामात जायला हवं. अनेक मजली, उंच इमारती. आत लाकडी मांडणीवर हजारो पिंपं आडवी ठेवलेली. उन्हाळ्यात वरचे मजले भट्टीसारखे तापतात, तळमजला गार आणि दमट राहतो. तापल्यावर मद्य लाकडात शिरतं, थंडीत बाहेर येतं. वरच्या कोरड्या हवेत दारूपेक्षा पाणी जास्त उडून जातं आणि पिंपातली तीव्रता वर्षागणिक चढते. खाली ती जेमतेम टिकते किंवा उतरते. एकाच दिवशी, एकाच भट्टीतून भरलेली दोन पिंपं सात वर्षांनी एकमेकांना ओळखणार नाहीत. एक पिंप साधारण दोनशे लिटरचं असतं. त्यातला काही भाग दरवर्षी हवेत जातो, तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. उरलेल्यातून बाटल्या निघतात त्या दोनशेच्या आत-बाहेर, जुन्या पिंपातून बऱ्याच कमी. ते पिंप संपलं की ती चव संपली. दुर्मीळ आहे हे खरंच, पण ती चांगली आहे की वाईट हे दुर्मीळपणावरून कळत नाही.

साधी बाटली म्हणजे अशी अनेक पिंपं एकत्र करून साधलेला मेळ. इथे आपल्याकडच्या वाचकाचा हमखास गोंधळ होतो. 'मिसळलेली' म्हटलं की डोळ्यांसमोर ब्लेंडेड व्हिस्की येते, म्हणजे मळीपासून काढलेल्या स्पिरिटमध्ये थोडं माल्ट. तसं इथे काही नाही. पिंपं सगळी बर्बनचीच, एकाच कारखान्याची, त्यांत बाहेरचं असतं ते फक्त पाणी. वर्षाचा मसाला घरी करणाऱ्या बाईला विचारा : दर उन्हाळ्यात मिरची वेगळी, धने वेगळे, तरी आमटी गेल्या वर्षीसारखीच लागली पाहिजे. ते कसब कमी प्रतीचं कसं म्हणायचं? वरच्या मजल्यावरचं जळकट पिंप आणि तळमजल्यावरचं फिकं पिंप एकमेकांच्या उणिवा भरून काढतात. माझं मत स्पष्ट आहे : चांगली साधी व्हीटेड बर्बन करणं हे चांगलं एक पिंप सापडण्यापेक्षा अवघड काम आहे.

पिंपापिंपात फरक का पडतो, या प्रश्नाचा बफेलो ट्रेसने चिकाटीने छडा लावायचा प्रयत्न केला. त्यांनी ओकची 96 झाडं निवडली, प्रत्येक झाडाच्या वरच्या आणि खालच्या भागातून एकेक, अशी 192 पिंपं बांधली. काहींत गव्हाची बर्बन भरली, काहींत रायची. लाकूड किती जाळलं, भरताना तीव्रता किती होती, गोदाम कुठलं, हेही बदलत ठेवलं. 2011 ते 2015 या काळात या बाटल्या टप्प्याटप्प्याने विकल्या आणि पिणाऱ्यांकडून गुण मागवले. पहिलं आलं 80 क्रमांकाचं पिंप, आणि ते रायचं होतं. गहू म्हणजे वरचा दर्जा असं मानणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

आता दुकानाने केलेल्या निवडीकडे येऊ. 1933 मध्ये दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत उत्पादक, घाऊक वितरक आणि दुकानदार अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आली. त्यामुळे हौशी मंडळींनी निवड केली तरी पिंप सहसा वितरकाच्या हातून दुकानात आणि तिथून त्यांच्याकडे येतं. दुकानदार कारखान्यात जातो किंवा नमुन्याच्या छोट्या बाटल्या त्याच्याकडे येतात. चाखायला मिळतात ती सहसा तीन-चार पिंपं, आणि ती समोर मांडतो कारखाना. हजारो पिंपांतून शोधलेलं रत्न, हे चित्र म्हणून खोटं आहे. कृती तीच, भट्टी तीच, गोदाम तेच. दुकानदाराची जीभ तयार असेल तर त्या तीन-चारांतलं उत्तम पिंप मिळतं, नसेल तर सगळ्यात तीव्र किंवा सगळ्यात जुनं उचललं जातं. स्टिकर छापायला जिभेची परीक्षा द्यावी लागत नाही.

मेकर्स मार्कचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याच बाबतीत आहेत. तिथे मुरताना पिंपं वरच्या गरम मजल्यांवरून खाली हलवली जातात, म्हणजे पिंपापिंपातला फरक जाणूनबुजून कमी केला जातो. फरकच कमी असेल तर निवडायचं काय? म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली. तयार मद्य पिंपात असतानाच त्यात ओकच्या दहा फळ्या बुडवायच्या. सुरुवातीच्या योजनेत फळ्यांचे पाच प्रकार होते, भाजण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी. पाच प्रकारांतून दहा फळ्या निवडण्याचे 1,001 मार्ग होतात. गणिताची आवड असणाऱ्यांनी ताडून पाहावं. साधारण नऊ आठवड्यांनी ते पाणी न घालता बाटलीत भरतात. तेव्हा मेकर्सच्या 'प्रायव्हेट सिलेक्शन'मध्ये तुम्ही नैसर्गिकरीत्या वेगळं निघालेलं पिंप विकत घेत नाही, निवडणाऱ्याने ठरवलेला लाकडाचा मसाला घेता. मला ती पद्धत आवडते, कारण तिथे निवड म्हणजे खरंच निवड असते. पण तिची तुलना बफेलो ट्रेसच्या वेलर या व्हीटेड बर्बनच्या दुकानी पिंपाशी करणं म्हणजे दोन वेगळ्या खेळांचे धावफलक शेजारी ठेवणं.

वेलरवरून तीव्रतेचा विषय निघतो, आणि बहुतेक तुलना इथेच फसतात. साधी वेलर स्पेशल रिझर्व्ह 45 टक्क्यांची, अँटिक 53.5 ची. दुकानं पिंप घेतात ते फुल प्रूफचं, 57 टक्क्यांचं. 'फुल प्रूफ' म्हणजे पिंपातून काढली तशी, हासुद्धा गैरसमजच. पिंपात भरताना जी तीव्रता होती त्या तीव्रतेला ती पाणी घालून आणलेली असते. आता कोणी 45 टक्क्यांची साधी आणि 57 टक्क्यांची दुकानी बाटली शेजारी चाखली, तर दुसरी दाट, भरदार लागणारच. त्याला वाटतं ही पिंपाची करामत. त्यातला मोठा भाग केवळ कमी पाण्याचा असतो.

प्रूफच्या आकड्यानेही आपल्याकडे घोटाळा होतो. अमेरिकी प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट. आपल्या बाटल्यांवरचं 42.8 टक्के हे जुन्या ब्रिटिश मापाने 75 प्रूफ. अमेरिकी मापाने तेच 85.6 होतं. आणि 60 मिलिलिटरच्या पेगमध्ये 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीतून सुमारे 26 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल पोटात जातं, 57 टक्क्यांच्या बर्बनमधून 34. म्हणजे तीन पेग घेतल्यावर हिशेब चार पेगचा. फुल प्रूफ ओतताना हात आखडता ठेवा, ही कळकळीची विनंती.

वेलर म्हणजे गरिबांची पॅपी, हे वाक्यही या बाटल्यांबरोबर प्रवास करतं. लुईव्हिलजवळचा स्टिट्झेल-वेलर कारखाना 1935 मध्ये सुरू झाला. ज्यूलियन 'पॅपी' व्हॅन विंकल हे तिथले कर्ते; पॅपी या महागड्या बर्बनला त्यांचंच नाव. 1972 मध्ये तो विकला गेला, 1992 मध्ये तिथली भट्टी थंडावली. 1999 मध्ये वेलर हे नाव बफेलो ट्रेसच्या मालकांकडे, सॅझेरॅककडे गेलं आणि 2002 मध्ये व्हॅन विंकल कुटुंबानेही त्यांच्याशी भागीदारी केली. आज दोन्ही एकाच कारखान्यात, गव्हाच्या एकाच कृतीने होतात. पण पॅपीची पिंपं वेगळी निवडली जातात आणि 15, 20, 23 वर्षं ठेवली जातात. एकाच पिठाच्या भाकऱ्या म्हणून एक दुसरीची स्वस्त नक्कल ठरत नाही. दुकानाच्या स्टिकरची वेलर घेऊन पॅपीच्या जवळ पोहोचल्याचं समाधान मिळत असेल, तर ते स्टिकरचं समाधान आहे.

बर्बनचं पिंप बर्बनसाठी एकदाच वापरता येतं, हे नव्याकोऱ्या भांड्याच्या मघाच्या नियमातूनच निघतं. मग रिकामी पिंपं जगभर जातात, त्यांतली काही गोव्यातही येतात. कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट अशाच अमेरिकी पिंपांत मुरते, आणि तिच्या जॉन डिस्टिलरीज या कंपनीत सॅझेरॅकची गुंतवणूक आहे. कोकणपट्टीच्या उष्ण हवेत देवदूतांचा वाटा केंटकीपेक्षा मोठा असतो. एकाच पिंपाची बाटली म्हणजे काय हे समजून घ्यायला प्रत्येक वेळी केंटकीच गाठायला हवी असं नाही. पॉल जॉनच्या एकेका पिंपाच्या बाटल्याही निघाल्या आहेत. शिवाय फेब्रुवारी 2025 मध्ये भारताने बर्बनवरचा आयात कर 150 टक्क्यांवरून 100 वर आणला. मेकर्स मार्क मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत मिळतेच. बॅगेतली जागा तिच्या साध्या बाटलीवर खर्च करायला नको.

भाच्याला मी आता उलट प्रश्न विचारतो. निवड कोणी केली, दुकानदाराने स्वतः चाखून की आलेल्या नमुन्यांवर शिक्का मारून? त्या दुकानाचं आधीचं पिंप तू प्यायला आहेस का? त्याच नावाची साधी बाटली तुला तोंडपाठ आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिली बाटली साधीच आण, कारण मूळ चाल माहीत नसताना गायकाने कुठे जागा घेतली ते कळत नाही. यंदा त्याने माझं ऐकलं. एक अँटिक आणि एक दुकानाने निवडलेली फुल प्रूफ, दोन्ही वेलर. मेजरिंग कप काढून ठेवलाय. 57 टक्क्यांच्या 60 मिलिलिटरमध्ये चार मिलिलिटर पाणी घातलं की ती 53.5 वर येते. दोन्ही ग्लासांच्या तळाला चिठ्ठी चिकटवायची, भाच्याच्या आईने ते अदलाबदल करून ठेवायचे आणि मग आम्ही दोघांनी चाखायचं.