गाडीखाली जाण्याआधी : टेकू, विश्वास आणि अनुमान

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं आम्हाला गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही व्याप्ती, अनुमान, उपाधी असं सगळं सांगता. रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय?" त्याला उत्तर म्हणून आज जरा वेगळा विषय घेतला आहे. घरच्या घरी गाडीचं काम करताना गाडी उचलायची कशी, आणि उचललेली गाडी ठेवायची कशावर? (हशा) हसू नका. हा जिवाचा प्रश्न आहे, आणि आमच्या बाबतीत तो थोडक्यात निभावला आहे.

लातूरला नोकरीत असतानाची गोष्ट. श्रावणातले दिवस, अंगणात काळी माती, आदल्या रात्री सर पडून गेलेली. गाडीच्या पुढच्या चाकाजवळ काहीतरी खडखडत होतं. आम्ही जॅक लावला, चाक काढलं आणि खाली वाकून बघत बसलो. शेजारच्यांनी कुंपणावरून विचारलं, "काय करायलात सर?" आम्ही म्हणालो, "काही नाही, जरा बघायलोय." मग पाना आणायला म्हणून उठलो. दारापर्यंत पोचलो नसू, तोच मागं धप्पकन आवाज झाला. जॅक एका अंगाला मातीत रुतून कलंडला होता आणि चाक नसलेली गाडी जमिनीवर टेकली होती. जिथं आमचं डोकं होतं, तिथं आता बोटभरही जागा नव्हती.

आमची चूक कुठं झाली? याआधी तीन-चारदा आम्ही असंच काम केलं होतं आणि गाडी पडली नव्हती. त्यावरून मनानं ठरवून टाकलं की जॅकवरची गाडी पडत नसते. डेव्हिड ह्यूमनं अठराव्या शतकात हेच बजावलं होतं : काल घडलं म्हणून उद्याही तसंच घडेल, याला तर्काचा आधार नाही. आपले नैयायिक याहून बारकाईनं बोलतात. जिथं धूर तिथं अग्नी, ही व्याप्ती खरी. पण जिथं अग्नी तिथं धूर, हे खरं नाही, कारण त्यात ओल्या इंधनाची अट लपलेली आहे. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. 'जॅक गाडी पेलतो' या वाक्यातही अशा अटी लपलेल्या आहेत : जमीन टणक असेल तर, गाडी हलली नाही तर, जॅकचं सील शाबूत असेल तर. आजचं व्याख्यान म्हणजे या अटींची यादी, इतकंच समजा.

उचलणं वेगळं, पेलून धरणं वेगळं

हायड्रॉलिक जॅकमध्ये लहान दट्ट्यानं तेल दाबलं की मोठा दट्ट्या वर येतो. म्हणजे आपली गाडी तेलाच्या दाबावर उभी असते आणि ते तेल अडवून धरतं एक रबरी सील आणि एक लहानशी झडप. सील झिजलं, झडपेत कचरा अडकला, की दाब उतरतो. कधी हळूहळू, कधी एकदम. गाडीसोबत मिळणारा स्क्रूचा जॅक तेलावर चालत नाही, पण त्याची बैठक इतकी अरुंद असते की गाडी जराशी सरकली तरी तो कलंडतो. तो रस्त्यात चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. लातूरहून अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला जाताना पंक्चर झालं तर चाक बदला, पण गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका.

पेलून धरण्यासाठी वेगळी वस्तू असते. तिला जॅक स्टँड म्हणतात, काही गॅरेजांत घोडी म्हणतात. आपण टेकू म्हणू. सरकारला बाहेरून देतात तो नव्हे! (हशा) तीन किंवा चार पायांचा लोखंडी तिवडा, मध्ये वरखाली होणारा दांडा. दांडा खाचेत किंवा आरपार खिळीवर अडकतो. तेल नाही, सील नाही. लोखंडावर लोखंड बसलेलं असतं. टेकू नेहमी जोडीनं वापरायचे आणि दोन्ही सारख्या उंचीवर. घरी वेल्डिंग करून बनवलेल्या टेकूच्या भरवशावर राहू नये.

वजन पडत नाही, तोल पडतो

आता एक हिशेब करू. लहान गाडी साधारण १,००० किलोची धरा. इंजिन पुढं असल्यामुळं पुढच्या बाजूला ६०० किलोच्या आसपास भार येतो, म्हणजे प्रत्येक टेकूवर सुमारे ३००. बाजारातला टेकू दोन टनांचा असतो. मग धोका कसला? धोका उभ्या भाराचा नाहीच. धोका आडव्या धक्क्याचा आहे. घट्ट नट सोडवताना आपण पान्याला हिसका देतो, तो आडवा जातो. गाडी इंचभर मागं सरकते, तीही आडवीच.

ही गोष्ट आपल्या भागाला कुणी नव्यानं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. किल्लारी आणि आसपासच्या गावांतली दगडमातीची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी होती, भिंती हात-दोन हात जाड. जाड आहे म्हणजे भक्कम आहे, असाच सगळ्यांचा समज. पण त्या भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर आरपार जाणाऱ्या दगडांनी बांधलेले नव्हते आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचं ओझं होतं. उभा भार त्यांनी वर्षानुवर्षं पेलला, आडवा हादरा काही क्षणही सोसवला नाही. पुढं उरलेल्या घरांची मजबुती करताना भिंतीत आरपार काँक्रीटचे सांधे घालण्याची पद्धत आली, ती याच धड्यातून. गाडीची तुलना त्या दुःखाशी करायची नाही. पण आजवर उभं राहिलं म्हणजे आधार पक्का, हे अनुमान किती महाग पडतं, ते आपण पाहिलेलं आहे.

म्हणूनच गाडीखाली विटा, पोकळ सिमेंट ब्लॉक, दगडांची चळत हे कधीही नको. वीट भार पेलते, पण ती ठिसूळ. लोखंड आधी वाकतं, लाकूड करकरतं, वीट मात्र काही न सांगता फुटते.

क्रम

पहिली जमीन. सपाट, टणक काँक्रीट सर्वांत बरं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोणी होते, तिच्यावर नकोच. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर ती तडकते. मे महिन्यात नांदेडचं ऊन असं की डांबर मऊ पडतं आणि टेकूचे पाय त्यात रुततात. शंका असेल तर खाली जाड, रुंद लोखंडी पत्रा किंवा जाड फळी ठेवा. उतारावर तर हे काम करूच नका.

दुसरं, गाडी हलता कामा नये. इथं नीट लक्ष द्या. बहुतेक लहान गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि गिअर पुढच्या चाकांना अडवतो. मागची बाजू उचलली की हँडब्रेक निरुपयोगी, कारण ती चाकं हवेत असतात. पुढची उचलली की गिअरचा उपयोग नाही. फक्त एकच पुढचं चाक उचललं तरी डिफरन्शिअलमुळं ते हवेतलं चाक फिरतं आणि गिअर दुसऱ्याला धरून ठेवू शकत नाही. म्हणून हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून पाचरीसारखे ठोकळे लावा.

तिसरं, चाक काढायचं असेल तर गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. सगळ्यात जोराचे हिसके तिथंच संपतात.

चौथं, जॅक आणि टेकू कुठं लावायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती वाचा. ऑइलचं चेंबर, इंधनाची नळी, तळाचा पातळ पत्रा यांच्यावर भार देऊ नका. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून त्याची चाकं थोडी सरकायला मोकळी हवीत. ती अडली की जॅकचं डोकं जागेवरून निसटतं. एक बाजू एकदम उंच करू नका. थोडी डावी, थोडी उजवी असं करा, नाहीतर आधी लावलेला टेकू तिरपा होतो. कामापुरतीच उंची घ्या.

पाचवं, दांडा खाचेत पूर्ण बसला का ते बोटानं नव्हे, डोळ्यानं बघा. मग जॅक सावकाश उतरवून सगळा भार टेकूवर येऊ द्या.

सहावी परीक्षा. खाली जाण्याआधी गाडीला बाजूनं जोर लावून हलवा. पडायची असेल तर ती आत्ता पडू दे, आपण बाहेर असताना. अनुमानाला प्रत्यक्षाची जोड देणं म्हणतात ते हेच. त्यानंतर जॅक परत हलकेच टेकवून ठेवा आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सारा. एक आधार चुकला तर दुसरा, तोही चुकला तर तिसरा.

काम चालू असताना पोरंबाळं लांब ठेवा, इंजिन सुरू करू नका आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा. उतरवताना आधी खालची सगळी हत्यारं बाहेर, मग जॅकनं किंचित उचलून टेकू काढायचे आणि गाडी खाली घ्यायची. नट समोरासमोरचे घट्ट करा आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासा.

एक प्रश्न

श्रोत्यांतून विचारलं गेलं : "सर, गॅरेजवाले तर नुसत्या जॅकवर काम करतात. त्यांना कुठं काय होतं?"

ज्यांना काही झालं नाही, तेच आपल्याला गॅरेजमध्ये भेटतात. ज्यांना झालं, ते हे सांगायला तिथं नसतात. म्हणजे तुमच्या पुराव्यातच निवड झालेली आहे, बरं का.

त्या श्रावणातल्या दिवशी आम्ही वाचलो ते शहाणपणानं नव्हे. पाना घरात राहिला होता, म्हणून. तत्त्वज्ञानाचा उपयोग विचारणाऱ्या त्या तरुण मित्राला आमचं एवढंच सांगणं आहे : जिथं आपलं डोकं ठेवायचं, तिथला आधार कशावर टेकला आहे हे आधी वाकून बघावं. पुढच्या वेळी शब्दप्रमाणाकडे वळू. नमस्कार.