खोक्यावर न छापलेले आकडे

कोणता फोन घ्यावा, हा प्रश्न दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी निघतो. चर्चा होते ती खोक्यावर छापलेल्या आकड्यांची : कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती, बॅटरी किती एमएएचची. पण गेल्या पंधरा वर्षांत घरातल्या कपाटात जमा झालेले जुने फोन एकदा बाहेर काढून पाहावेत. कॅमेरा कमी पडला म्हणून बाद झालेला फोन त्यांत क्वचितच सापडेल. ते ज्या कारणांनी गेले, ती कारणं खरेदीच्या वेळी कुणी विचारलीच नव्हती.

2010-11च्या सुमारास मराठी माणसाची पहिली अडचण अगदी साधी होती. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर देवनागरी दिसतच नसे. मराठी बातमी उघडली की ओळीच्या ओळी चौकोन. ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये एक सेटिंग बदललं की मजकूर चित्राच्या रूपात येई आणि वाचता येई. हा उपाय लोक एकमेकांना आवर्जून सांगत. 2011च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड 4.0पासून परिस्थिती सुधारत गेली. पुढे आयआयटी मुंबईच्या मंडळींनी ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड दिला आणि 2017मध्ये गूगलचं बोलून टंकलेखन मराठीत आलं. माझ्या मते या सगळ्या काळातली सर्वांत मोलाची सुधारणा तीच. जोडाक्षर कसं काढायचं या धास्तीने कधी मेसेज न लिहिणारी माणसं फोनशी बोलू लागली.

त्याच काळात सॅमसंगचा गॅलेक्सी वाय घराघरांत पोहोचला. स्वस्त, आटोपशीर, टचस्क्रीन. त्यात ॲपसाठी जागा होती सुमारे 180 एमबी. मेमरी कार्ड टाकलं तरी ॲपचा काही भाग फोनच्याच मेमरीत राही, त्यामुळे एक नवीन ॲप घ्यायचं तर एक जुनं काढायचं, हा रोजचा उद्योग. फोन धडधाकट असायचा, बॅटरी बदलता यायची, पण जागा संपलेली. अँड्रॉइड 2.3.7 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर व्हॉट्सॲप 1 फेब्रुवारी 2020 रोजी बंद झालं, तेव्हा हे फोन कधीच निवृत्त झालेले होते.

मग मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास 2 आला, 2012च्या अखेरीस. पाच इंची पडदा, दोन सिम, किंमत 9,999 रुपये. एवढा मोठा पडदा दहा हजारांत मिळतो, यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. 2014च्या फेब्रुवारीत मोटो जी फक्त फ्लिपकार्टवर विक्रीला आला, 8 जीबीचा 12,499ला आणि 16 जीबीचा 13,999ला. जुलैमध्ये शाओमीने एमआय 3 आणला आणि ठरावीक वेळेला सुरू होऊन काही क्षणांत संपणाऱ्या विक्रीची सवय लावली. फोन हातात न घेता, दुकानदाराला न विचारता घेण्याची सुरुवात इथून झाली. खरेदीचा सल्लागारही बदलला. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला मागे पडला आणि घरातला कॉलेजात जाणारा मुलगा पुढे आला.

मोटो जीत मेमरी कार्डाची सोयच नव्हती. दीड हजार वाचवून 8 जीबीचा फोन घेतलेल्यांना वर्षभरात त्याची किंमत कळली, कारण प्रणालीने घेतलेली जागा वजा जाता हातात उरत होते जेमतेम पाच-साडेपाच जीबी. हाच धडा 2016च्या मार्चमध्ये पुन्हा मिळाला. रेडमी नोट 3 हा त्या किमतीतला उत्तम फोन. 16 जीबीचा 9,999ला आणि 32 जीबीचा 11,999ला. दहा हजारांच्या आत बसतो म्हणून पहिला खूप जणांनी घेतला. पुढच्या दोन-तीन वर्षांत लग्नाचे व्हिडिओ आणि सुप्रभातच्या चित्रांनी तो तुडुंब भरला. दोन हजार जास्त दिलेल्यांचा फोन निवांत चालत राहिला. आजही जागा आणि कॅमेरा यांत निवड करायची वेळ आली, तर पैसे जागेवर घालावेत, असंच मी म्हणेन.

2016च्या सप्टेंबरची 5 तारीख मात्र वेगळी. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली. जिओचं जाळं पूर्णपणे 4जीचं होतं, साधा कॉलसुद्धा त्यावरूनच जाणारा. तोवर घेतलेले 3जी फोन, काही तर जेमतेम सहा महिन्यांचे, त्या जाळ्यावर चालूच शकत नव्हते. 4जी असूनही व्होल्टीची, म्हणजे 4जीवरून कॉल करण्याची, सोय नसलेल्या फोनवर बोलण्यासाठी वेगळं ॲप टाकावं लागे. चांगल्या स्थितीतले फोन इतक्या घाऊक प्रमाणात जुने झाल्याचं त्यापूर्वी आपण पाहिलं नव्हतं. दोनच महिन्यांनी नोटाबंदी झाली, डिसेंबरअखेर भीम ॲप आलं, आणि फोन हे पैशाचं पाकीट होऊ लागलं. 2020मध्ये 1 एप्रिलपासून मोबाइलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्क्यांवर गेला आणि त्याच जूनपासून शाळा फोनवर भरू लागली. दोन मुलं आणि एक फोन असलेल्या घरांत कुणाचा तास बुडवायचा, हा निर्णय आईला करावा लागला.

4जीच्या अनुभवामुळेच पुढे 5जीची घाई झाली. 2020च्या सुरुवातीपासून 5जीचे फोन विकले गेले. सेवा सुरू झाली 1 ऑक्टोबर 2022 रोजी, आणि तेव्हाही कित्येक फोनना सॉफ्टवेअरची वाट पाहावी लागली. दोन-अडीच वर्षं ते पैसे निव्वळ अडकून पडले.

बॅटरीचं दुखणं सगळ्यांच्या परिचयाचं आहे. मागचं झाकण काढून बॅटरी बदलायची सोय हळूहळू नाहीशी झाली. 2017च्या डिसेंबरात ॲपलने मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. बॅटरी बदलली की तो फोन पुन्हा पूर्वीसारखा चाले. आपला ‘हँग होणारा’ फोन टाकून देण्याआधी एवढी एक गोष्ट करून पाहावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत जायचीही गरज नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंमत विचारावी. सुट्या भागांसाठी कंपनी टिकलेली असणंही लागतं. लीइको 2016मध्ये गाजावाजा करत भारतात आली आणि वर्षभरातच तिने गाशा गुंडाळायला घेतला. एलजीने 2021मध्ये फोनचा धंदाच सोडला.

उरतं ते सिक्युरिटी अपडेट, आणि आज सर्वांत महत्त्वाचं तेच आहे. गूगलने 2015मध्ये दरमहा सुरक्षेच्या दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली, पण स्वस्त फोनपर्यंत त्या फार काळ पोहोचल्या नाहीत. 2023च्या पिक्सेल 8ला आणि 2024च्या गॅलेक्सी एस24ला सात वर्षांचं आश्वासन मिळालं. गॅलेक्सी ए16 5जीसारख्या वीस हजारांच्या आतल्या फोनलाही सहा वर्षांचं मिळालं. ही वर्षं मोजतात मॉडेल बाजारात आल्यापासून, आपण घेतल्यापासून नव्हे. सेलमध्ये मिळणारा दीड वर्ष जुना फोन घेताना दीड वर्ष आधीच संपलेलं असतं. युरोपीय संघाने जून 2025पासून नियमच केला : मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं अपडेट आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं. आपल्याकडे 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल आलं, पण अपडेट किती वर्षं द्यायचे याची अशी सक्ती ग्राहकाच्या पाठीशी नाही. ती हवी.

आपल्या घरांत फोन हातोहात खाली येतो. मुलगा नवा घेतो, त्याचा बाबांना, बाबांचा आईला. म्हणजे घरातला सर्वांत जुना, अपडेट थांबलेला फोन तिच्या वाट्याला येतो, आणि बँकेचे ओटीपी, भाजीवाल्याचे पैसे, गॅसचं बुकिंग सगळं त्याच्यावर चालतं. सेटिंग्जमध्ये जाऊन तिच्या फोनचं शेवटचं सिक्युरिटी अपडेट कोणत्या महिन्याचं आहे ते आजच पाहा. दोन-तीन वर्षांपूर्वीचं असेल, तर यंदाचा नवा फोन तिच्यासाठी घ्या.